झिपरी देताना घातलेली अट

५ जानेवारी, रविवार

प्रेसमधल्या मंडळींनी निवृत्तीच्या निरोपाला शाल दिली, घड्याळ दिलं आणि ही डायरी दिली. शाल बायकोने, छायाने घेतली, घड्याळ मुलाने, सनीने. उरली डायरी, ती माझी.

लिहिण्यासारखी बातमी एकच आहे. घरात मांजर आणायचं मी ठरवलं आहे. साधंसुधं नाही. मोठं, लांब केसांचं, येणाऱ्याने दारातच थबकावं असं. आमच्या जेलरोडच्या रो-हाउसच्या ओळीत कुत्री बरीच आहेत, एकाकडे पोपट आहे, पण असं मांजर कुणाकडे नाही. सायखेड्याला लहानपणी आमच्याकडे मांजरं यायची, पण ती आपली आपण यायची, उंदीर धरायची आणि निघून जायची. मान देऊन मांजर घरी आणण्याची आमच्या घराण्यातली ही पहिलीच वेळ. हे घरही आमच्या घराण्यातलं पहिलंच सिमेंटचं घर आहे. त्याला शोभेल असं काहीतरी हवं, हे बरेच दिवस मनात होतं.

छायाला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "आमटीत केस निघाला, तर ती वाटी तुमची."

याला मी होकार समजतो.

१२ जानेवारी, रविवार

आज कुठली जात आणायची यावर घरात बैठक झाली. अंजली मुद्दाम इंदिरानगरहून आली. अंजली आमची थोरली. एम. फार्म. झालेली. आमच्या अख्ख्या भावकीत इतकं कुणी शिकलेलं नाही. भीमजयंतीच्या भाषण स्पर्धेत दरवर्षी पहिली यायची आणि वेळ संपल्याची घंटा वाजवून तिला खाली उतरवावं लागायचं. लग्नाला दोन वर्षं होत आली. हल्ली बरीच शांत झाली आहे. संसारात पडलं की माणूस पोक्त होतो.

जावई आले नाहीत. प्रफुल्लरावांना कंपनीत काम असणार.

सनीने मोबाइलवर पर्शियन दाखवलं. पांढरंशुभ्र, कापसाच्या गाठोड्यासारखं. मला पसंत पडलं होतं. अंजली म्हणाली, "पप्पा, याचं नाक चपटं. श्वासाचा त्रास होतो, डोळ्यांतून पाणी येतं. रोज पुसायचं, रोज विंचरायचं. चुकलं की जटा होतात. आणि आपल्याकडचा उन्हाळा?"

मग सनीने रॅगडॉल नावाची जात काढली. उचललं की अंग सोडून देते म्हणे. कुणी कसंही धरा, तक्रार नाही.

"हीच आणा," छाया म्हणाली. "गुणी दिसते."

"नको," अंजली म्हणाली. "तक्रार न करणारी नको."

मला कारण कळलं नाही, पण तिने एम. फार्म. केलं आहे.

शेवटी मेन कूनवर एकमत झालं. अमेरिकेतल्या थंड मुलखातलं मांजर. लहानशा कुत्र्याएवढं वाढतं. शेपूट झाडूसारखी, कानांच्या टोकाला केसांचे झुपके, मानेभोवती आयाळ. विंचरायला दोन-तीन दिवसांआड चालतं. उन्हाळ्यात कूलर लागेल, तो आपल्याकडे आहे. आणि ही जात बोलते म्हणे. म्याँव नाही, पक्ष्यासारखं काहीतरी.

विषयात रमल्यामुळे अंजली आज इथेच राहिली. मांजराचं निघालं की तिला घरी जायचं भानच राहत नाही.

१९ जानेवारी, रविवार

गंगापूर रोडला तेजस्विनीबाई म्हणून आहेत, त्या ही मांजरं वाढवतात. त्यांच्याकडे आज पाहण्याचा कार्यक्रम झाला. मी इस्त्रीचा सफारी घातला, पेढे घेतले. सायखेड्याहून नवसाअक्काला बोलावून घेतलं, कारण थोरल्या बहिणीशिवाय आमच्याकडे कुणाचंही ठरत नाही. खरं सांगायचं तर मनातून खूश होतो. अंजलीच्या वेळी आपण मुलीकडचे, म्हणून खुर्चीच्या कडेला बसलो होतो. आज पहिल्यांदाच टेकून बसायचं.

चहा आला. मी पद्धतशीर विचारायला सुरुवात केली. आई कुठली, वडील कुठले, घराण्यात काही दुखणं आहे का. बाईंनी सगळं नीट सांगितलं. आईबापाच्या हृदयाची तपासणी झाल्याचंसुद्धा. मी मान हलवली. मग पिल्लं बाहेर आली. मला त्यातलं रुपेरी, सगळ्यांत दांडगं, ते हवं होतं. बाई म्हणाल्या, ते आधीच ठरलंय. तपकिरी पट्ट्यांची एक मादी आहे.

ती मादी आली आणि सरळ अक्काच्या पिशवीत तोंड घालून बसली.

"अगं बया," अक्का म्हणाली, "हे मांजर हाय का अस्वलाचं पोर? आन् केस बघ कसे. निस्ती झिपरी!"

मी अक्काला डोळ्यांनी दटावलं. मी म्हणालो, "ठीक आहे, पसंत आहे. कधी न्यायची?"

तेजस्विनीबाई हसल्या. म्हणाल्या, "काका, तुमची पसंती झाली. माझी कुठे झालीये? पुढच्या रविवारी मी तुमचं घर बघायला येते. मग सांगते."

टेकून बसलेला मी परत खुर्चीच्या कडेला आलो.

२६ जानेवारी, रविवार

कॉलनीतलं झेंडावंदन उरकून घाईने घरी आलो. छायाने पोहे केले होते. मी पडदे बदलले होते, टाकी घासून घेतली होती. बाईंनी पडद्यांकडे पाहिलंच नाही. गच्चीच्या दाराला जाळी आहे का, जिन्याचा कठडा केवढा, कूलरची वायर कुठून जाते, हे बघितलं. मग पाणी मागितलं आणि बसून विचारायला लागल्या. असे प्रश्न मी आयुष्यात ऐकले नव्हते.

"दिवसभर घरात कोण असतं? ती एकटी असली की तिने करायचं काय?"

मी म्हणालो, मी असतो, निवृत्त आहे.

"ही जात बोलते. पण दुखलं-खुपलं तर सांगत नाही, मांजराची जातच तशी. बोलणारी एकदम गप्प झाली, तर समजायचं काहीतरी बिनसलंय. हे लक्षात कोणाच्या येईल?"

मी सांगितलं की मी प्रेसमध्ये छपाईचे कागद तपासायचो. केसाएवढा डाग माझ्या नजरेतून सुटायचा नाही. हे मी जरा मोठ्याने सांगितलं असेल.

मग त्या छायाकडे वळल्या. "काकू, तुम्हाला हवंय का मांजर?"

छाया पदराला हात पुसत उभी होती. म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाली, "हवंय. मलाही दिवसभर कुणीतरी बोलायला हवंच."

मी घरात आहे, हे ती विसरली असावी.

निघताना बाईंनी अट घातली. "नाही जमलं, तर ती परत माझ्याकडेच यायची. कुणाला द्यायची नाही, सोडून द्यायची नाही. कधीही आणा. मी कारण विचारणार नाही."

मला जरा लागलं. माझ्या घरात न जमायला काय झालं? आम्ही अंजलीसाठी इंदिरानगरला घर बघायला गेलो होतो, तेव्हा मी एकही प्रश्न विचारला नाही. लिफ्ट पाहिली, फरशी पाहिली. काय फरशी होती! पाहिलं आणि हात जोडले. व्याही गोटीरामजी नंतर चारचौघांत म्हणाले होते, इतकी समजूतदार माणसं पाहिली नाहीत. ते वाक्य मला अजून पाठ आहे. तेजस्विनीबाईंना ही रीत कुणी शिकवलेली दिसत नाही.

पण पास झालो. गाडीत बसताना म्हणाल्या, "घर चांगलं आहे काका." संध्याकाळी ओळीतल्या सगळ्यांना सांगून आलो.

९ फेब्रुवारी, रविवार

आली! किंमत इथे लिहीत नाही.

मी नाव महाराणी ठेवलं होतं. सनीने काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं. अक्काने फोनवर विचारलं, "आली का झिपरी?" आणि पिंजऱ्यातून लगेच "ब्रुर्र" असं उत्तर आलं. विषय संपला.

शेजारचे जीवनराव बघायला आले. म्हणाले, "पिल्लू आहे? मग मोठं झाल्यावर याला लायसन लागेल."

मी त्यांना परत चहा पाजला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आमटीत केस निघाला. वाटी माझ्याकडे आली. मी ती संपवली.

२ मार्च, रविवार

झिपरी वाढते आहे. सोफ्यावर आडवी झाली की तिसऱ्या माणसाला जागा उरत नाही. सकाळी मी दाढी करताना बेसिनच्या कडेवर बसून सूचना देते. छाया भाजी निवडताना तिच्याशी बोलते आणि ती उत्तरं देते. एवढं बोलणं या घरात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. ओळीतली पोरं खिडकीशी गर्दी करतात. मी त्यांना जातीची माहिती सांगतो. आता ती पाठ झाली आहे.

विंचरण्याचं काम अंजलीने घेतलं आहे. त्यासाठी ती आता आठवड्यातले बरेच दिवस इथेच असते. स्टीलचा बारीक दातांचा कंगवा तिने स्वतः आणला. आधी पोट, मग मांड्या, मग शेपूट, मग आयाळ. झिपरी दुसऱ्या कुणाला पोटाला हात लावू देत नाही. मला याचा फार अभिमान वाटतो. लग्न झालेल्या मुली माहेराला दुरावतात म्हणतात. एका मांजराने माझी मुलगी परत जवळ आणली.

आज येताना मोठी बॅग आणली. त्यात स्वेटर निघाले. मार्चमध्ये! झिपरीला लोकरीवर झोपायला आवडतं, म्हणून असतील. मी म्हणालो, "अगं, जुने आणायचे होते, हे चांगले आहेत." ती हसली फक्त.

छायाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. चहा घ्या."

१९ मार्च, बुधवार

आज रंगपंचमी. सनी जुन्या नाशकात रहाडीत, तिथल्या रंगाच्या हौदात, उड्या मारून आला, कानापर्यंत पिवळा. एरवी झिपरीने त्याला बघून घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिने नुसती मान फिरवली.

मग माझ्या लक्षात आलं. सकाळी बेसिनवर सूचना नव्हत्या. कालही नव्हत्या. जेवत होती, फिरत होती, केस चमकत होते. वरून पाहाल तर काही नाही. पण गप्प होती.

छाया म्हणाली, उकाडा आहे. सनी म्हणाला, मूड नसेल. मी ऐकलं नाही. पिंजऱ्यात घातली आणि रिक्षाने डॉक्टरांकडे नेली. रस्ताभर रंगलेली पोरं. कुणी रिक्षावर फुगा मारला, माझा सदरा गेला. पिंजरा मी पोटाशी धरला होता.

मागची दाढ सुजली होती. आत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, "मांजरं दुखणं लपवतात. लोक खाणं थांबल्यावर आणतात, तोवर उशीर होतो. तुम्ही ओळखलं कसं?"

मी म्हणालो, "गप्प झाली होती."

डॉक्टर म्हणाले, "वा. असा मालक हवा."

घरी येऊन हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होतो तेव्हा अंजली झिपरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती उठून आत गेली. छाया ताटं मांडत होती. मला म्हणाली, "मांजराचं बरं ऐकू आलं तुम्हाला."

यात टोमणा मारण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही. रंगाचा सदरा भिजत घातला आहे.

३० मार्च, रविवार

झिपरीची दाढ बरी आहे. बोलणं सुरू झालं. आज पहाटेच सुरू झालं.

व्याह्यांचा फोन आला. पुढच्या रविवारी सगळे येतो म्हणाले. "जरा बसू, बोलू." मी म्हणालो, अवश्य या, मांजर बघून जा. ते काही बोलले नाहीत. बहुतेक रेंज गेली.

अंजलीला सांगितलं. ती कंगवा धुवत होती. म्हणाली, "तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"म्हणालो, या."

"बरं," म्हणाली. कंगवा बराच वेळ धुवत राहिली.

६ एप्रिल, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवणार आहे.

सकाळी झिपरीला मी स्वतः विंचरलं, पोट सोडून. आयाळ चांगली फुलली होती. अक्का न सांगता सायखेड्याहून मेथीच्या जुड्या घेऊन आली. मी म्हणालो, अरे वा, योगायोग. ती म्हणाली, "योगायोग कसला. छायाने बोलावलंय मला."

अकराच्या सुमाराला गोटीरामजी, विहीणबाई आणि प्रफुल्लराव आले. जय भीम झालं, पाणी झालं. मी झिपरीला उचलून मधोमध आणलं आणि माहिती सुरू केली. मूळ अमेरिकेची, शेपूट एवढी, कानांचे झुपके असे. गोटीरामजींनी दोन मिनिटं ऐकून घेतलं.

"मांजर झकास आहे," ते म्हणाले. "आता मुद्द्याचं बोलू. झालं गेलं सोडून द्यायचं. सूनबाईंना आज घेऊन जातो."

मी विचारलं, "काय झालं गेलं?"

छाया खाली बघत होती. सनी एकदम मोबाइल काढून बघायला लागला. अक्का म्हणाली, "देवराम, तुला खरंच ठाव नाय?"

खरंच ठाऊक नव्हतं. आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगळं ठाऊक झालं. मोठी बॅग. मार्चमधले स्वेटर. ज्या बैठकांना जावई कधी आले नाहीत त्या. केसाएवढा डाग पाहणारा मी हे सगळं तीन महिने या डायरीत लिहीत होतो.

झिपरी माझ्या हातातून उतरली आणि स्वयंपाकघराकडे गेली. तिथे दारात अंजली उभी होती.

बायकापोरींच्या भांडणात बोलायची मला सवय नाही. जे सुचलं, ते दुसऱ्याचं सुचलं. मी म्हणालो, "प्रफुल्लराव, दोन-तीन गोष्टी विचारू का? त्या वेळी विचारायच्या राहिल्या."

"विचारा ना."

"अंजली दिवसभर तुमच्या घरात काय करते?"

"काय म्हणजे... घरचंच. स्वयंपाकपाणी."

"नोकरी चालू राहील म्हणाला होतात."

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, घरात काय कमी आहे? बाहेर कशाला वणवण?"

"बरं. ती तुमच्याशी शेवटचं मनमोकळं बोलली, ते कधी?"

प्रफुल्लरावांनी आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती पहिल्यापासून शांतच आहे, मामा."

मला हसू आलं. वाईट प्रसंग होता, पण आलं. मी म्हणालो, "अंजली? जिला घंटा वाजवून स्टेजवरून उतरवावं लागायचं, ती? तुमच्याकडे ती शांत झाली आणि तुम्हाला वाटलं हा तिचा स्वभाव?"

आणि हे म्हणताना मला १२ जानेवारीचं माझंच पान आठवलं. पण ते मी मनात ठेवलं.

दारातून अंजली म्हणाली, "पप्पा, मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज वाढवतात."

बास, एवढंच. तिचा आवाज चढला नाही. विहीणबाई म्हणाल्या, "अगं, ते सिरियलचं ऐकू येत नाही म्हणून." गोटीरामजी म्हणाले, "एवढ्यावरून कुणी घर मोडतं का? लोक काय म्हणतील? तुम्ही तर एवढी समजूतदार माणसं."

माझं आवडतं वाक्य होतं ते. आज ते मला नको झालं.

मी म्हणालो, "गोटीरामजी, मुलगी देताना एक अट सांगायची राहिली. आज सांगतो. नाही जमलं, तर ती परत इथेच यायची. कधीही. आणि मी कारण विचारणार नाही."

"ही कुठली रीत?"

"हे मांजर देताना त्या बाईंनी आम्हाला घातलेली अट आहे."

गोटीरामजी उभे राहिले. "म्हणजे मांजराचा न्याय पोरीला लावता?"

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "मांजराला लावला तेवढा तरी लावू द्या की, पाव्हनं. पोरीला तर तेवढा पन नव्हता लावला."

ते गेले. केलेले पोहे कुणी खाल्ले नाहीत. प्रफुल्लराव दारात थांबले, अंजलीला म्हणाले, "मी विचार करतो." ती म्हणाली, "करा. मीपण करते."

दार लावलं. मी सोफ्यावर बसलो. अंजली येऊन शेजारी बसली आणि झिपरी आमच्या मधे. अंजलीने कंगवा घेतला, आधी पोट, मग मांड्या. आणि मग बोलायला लागली. दोन वर्षांचं. अक्का मेथी निवडत होती, छाया मधेच रडत होती, मधेच हसत होती. मी मधे तोंड घातलं नाही. झिपरी मात्र प्रत्येक वाक्याला "ब्रुर्र" म्हणत होती.

छाया म्हणाली, "आता ऐकू येतंय ना?"

मी म्हणालो, येतंय.

९ एप्रिल, बुधवार

दोन दिवस मनाला खात होतं. जयंती तोंडावर आली आहे. मांडव उभा राहिला. सगळी कॉलनी एका जागी जमणार, आणि प्रत्येक जण विचारणार, "लेक आली का? किती दिवस मुक्काम?" काय सांगायचं? सासू आजारी आहे, घराला रंग चालू आहे, अशी दोन-तीन उत्तरं तयार केली. छायाला ऐकवली.

ती म्हणाली, "तुम्ही मांजर आणलंत तेव्हा सगळ्या ओळीला घरोघर जाऊन सांगितलंत. मुलगी परत आली तर लपवता?"

उत्तरं मोडीत काढली.

अंजली आज अंबडला एका औषध कंपनीत मुलाखतीला गेली होती. तिथल्या साहेबांनी एक विचारलं आणि हिने पाच सांगितली म्हणे. जेवताना हे सांगत होती. आमटी थंड झाली.

१४ एप्रिल, सोमवार

जय भीम. कॉलनी निळी झाली आहे. सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत वंदनेला गेलो. आल्यावर अंजलीने झिपरीला गळ्यात निळी फीत बांधली. तिने ती दोन मिनिटं ठेवून चावून टाकली.

लोकांनी विचारलं, "लेक किती दिवस आहे?" मी म्हणालो, "आहे." पहिल्याला सांगताना चपलेकडे बघत होतो. पाचव्याला सांगताना मान ताठ झाली होती. कुणी फार काही बोललं नाही. दोन बायकांनी छायाला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. छाया म्हणते, त्या आपल्या मुलींबद्दल विचारत होत्या.

संध्याकाळी मिरवणुकीआधी जीवनराव आले. त्यांच्या राखीला सिन्नरचं स्थळ आलं आहे, रविवारी घर बघायला जायचं आहे. म्हणाले, "दादा, तुम्ही चला. तुम्हाला अनुभव आहे. शिवाय तुमची नजर."

मी म्हणालो, "मला नका नेऊ. मी फरशी बघतो. अंजलीला न्या."

जीवनराव जरा गडबडले. इकडे तिकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. तशा मुलीला शुभ कामाला न्यायचं का, हेच. मी वाट पाहिली. त्यांच्यामागे राखी उभी होती. तीच म्हणाली, "ताई, येशील का गं?"

"येते की," अंजली म्हणाली. "पण मी विचारणार हं. चहा येण्याआधीच सुरू करणार."

"विचार," राखी म्हणाली. "मला तेच हवंय."

जीवनराव डोकं खाजवत म्हणाले, "पोरी, स्थळ मोडू नको म्हणजे झालं."

"मोडायचं असेल तर चहातच मोडलेलं बरं, काका."

२० एप्रिल, रविवार

सकाळी जीवनरावांची गाडी दारात उभी राहिली. अंजली पांढरा ड्रेस घालून निघाली. झिपरी उंबऱ्यापर्यंत तिच्या पायात घोटाळली, पाठ घासली, शेपूट फिरवली. ड्रेसवर कमरेपासून खाली तपकिरी लांब केसच केस.

छाया म्हणाली, "अगं, थांब, झटक ते. लोकांच्या घरी चाललीस."

मी खरं तर ब्रश घेऊन उठलो होतो. मग परत बसलो.

"राहू दे," मी म्हणालो. "ते लोक विचारतील, हे केस कुणाचे. मग सांग त्यांना झिपरीबद्दल. आणि तिच्या अटीबद्दल."

गाडी वळणावरून गेली. सिन्नरच्या त्या घरात आता प्रश्न सुरू झाले असतील, आणि तिथे घंटा वाजवायला कुणी नाही.